नागिणीवरचे औषध आणि पाण्याचा तांब्या



गेल्या मे महिन्यातील गोष्ट. शाळेला उन्हाळी सुट्टी लागली आणि मी भिलाईला घरी गेलो. माझे वडील भिलाई इस्पात कारखान्यातून निवृत्त झालेले, वय ७४. मी पोहोचलो तेव्हा ते डाव्या बरगडीवर हात ठेवून बसले होते. "आग होते रे, भट्टीसमोर उभं असल्यासारखी," एवढेच म्हणाले. आम्हाला वाटले, उन्हाळ्याचे पित्त असेल. दोन दिवसांनी त्याच जागी, पाठीपासून पोटाकडे, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकूंनी पाहताक्षणी सांगितले, "ही तर नागीण! हिचं तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका." शिवनाथ नदीपलीकडच्या एका गावात नागीण 'उतरवणारा' माणूस आहे, हेही त्यांनी सांगितले.

मी वडिलांना दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी असायक्लोव्हिरच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "किडनीचा काही त्रास?" मी ठामपणे म्हणालो, "नाही." वर्षभरापूर्वीच्या रक्ततपासणीत वडिलांचे क्रिएटिनिन वाढलेले होते आणि तो कागद घरच्या फायलीत होता, हे मला आठवलेच नाही. दुखणे कमी व्हावे म्हणून मी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्याही आणल्या आणि कोणाला न विचारता सुरू केल्या. बाहेर पारा ४४ अंशांवर होता आणि वडील पाणी बेताने पीत होते, कारण रात्री लघवीला उठायचा त्यांना कंटाळा.

तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता ते घरभर काही तरी शोधताना दिसले. "बाबा, काय हवंय?" मी विचारले. "हेल्मेट कुठे ठेवलंय? फर्स्ट शिफ्टला उशीर होतोय." त्यांचे हात थरथरत होते आणि मला ते माझ्या काकांच्या नावाने हाक मारत होते.

रुग्णालयात डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. पाणी किती प्यायले? दुखण्यावर काय घेतले? जुना रक्ताचा रिपोर्ट आहे का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे आमच्या घरातच होती, पण ती वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचली नव्हती. गोळ्या थांबवल्या, सलाईन लावले, मेंदूला विषाणूचा संसर्ग झालेला नाही याची खात्री करून घेतली. तीन दिवसांनी वडील पूर्ण भानावर आले. आम्ही त्यांना झालेला प्रकार सांगितला तेव्हा म्हणाले, "मला रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. निदान गेटवर तरी अडवलं असतं की!"

आम्ही हसलो, पण मला ते लागले. मी जीवशास्त्र शिकवतो. हे औषध पेशीत कसे काम करते ते मला ठाऊक होते, पण ते शरीराबाहेर कसे पडते याचा विचार मी केला नव्हता. आजचा पाठ या दोन्ही गोष्टींवर आहे.

एक कुटुंब, आठ विषाणू

'हर्पीस' हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आपल्याकडे त्याच दुखण्याला 'नागीण' म्हणतात. दोन दूरच्या भाषांना कातडीवरून पुढे सरकणाऱ्या फोडांत सरपटणारी वस्तूच दिसली.

माणसाला ग्रासणारे हर्पीस कुटुंबातील विषाणू आठ आहेत. हर्पीस सिम्प्लेक्स १ मुळे ताप आल्यावर ओठावर 'जर' उठतात. जगात पन्नाशीखालील सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात तो असतो. हर्पीस सिम्प्लेक्स २ प्रामुख्याने जननेंद्रियांवर फोड आणतो. तिसरा व्हॅरिसेला झोस्टर. त्याच्यामुळे लहानपणी कांजिण्या होतात, ज्यांना भिलाईत 'छोटी माता' म्हणतात, आणि उतारवयात नागीण. एपस्टीन-बार विषाणूने घसा सुजून दीर्घकाळ ताप येतो. सायटोमेगॅलो विषाणू धडधाकट माणसाला सहसा त्रास देत नाही. अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला आणि गर्भातील बाळाला मात्र धोका करतो. सहावा आणि सातवा लहान बाळांना ताप आणि पुरळ आणतात. आठवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांत एका प्रकारच्या कर्करोगाशी जोडलेला आहे.

या आठही विषाणूंची एक सवय समान आहे. एकदा शरीरात शिरले की ते जन्मभर जात नाहीत. कांजिण्या बऱ्या होतात, खपल्या पडतात, पण विषाणू चेतातंतूंवाटे मागे जाऊन मेरुरज्जूजवळच्या चेतापेशींच्या गाठींत निपचित पडून राहतो. वय वाढले, आजारपण आले किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो आणि त्याच चेतातंतूवरून पुन्हा कातडीपर्यंत येतो. कांजिण्या आणि नागीण यांचे हे नाते इंग्लंडमधील एडगर होप-सिम्प्सन या गावातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवून १९६५ मध्ये मांडले.

यातच काकूंच्या भीतीचे उत्तर आहे. विषाणू ज्या चेतातंतूवरून येतो, तो शरीराच्या एकाच बाजूचा असतो. म्हणून फोडांचा पट्टा सहसा पाठीच्या कण्यापासून निघतो आणि छाती-पोटाच्या मध्यरेषेवर थांबतो. तोंड आणि शेपूट जुळत नाही ते मंत्रामुळे नव्हे, शरीररचनेमुळे. मांत्रिकाला यश मिळते तेही यामुळेच. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णात क्वचित दोन्ही बाजूंना फोड येतात. तेव्हा धोका त्या मूळ आजाराचा असतो, वेढ्याचा नाही.

औषध काय करते?

विषाणू स्वतः वाढू शकत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच सामग्रीतून स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढतो. त्याला मारायचे तर आपली पेशी मरू नये, ही मोठी अडचण. आयडॉक्सयुरिडीन हे विषाणूविरोधी पहिल्या औषधांपैकी एक. ते १९५९ मध्ये तयार झाले, पण आपल्या पेशींनाही इजा करत असल्यामुळे त्याचा उपयोग डोळ्यांत घालण्यापुरताच राहिला.

असायक्लोव्हिरने ही अडचण कशी सोडवली ते भिलाईच्याच दोन उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण गेट पासचे. समजा, कारखान्यात काम सुरू करायला पासवर तीन शिक्के लागतात. असायक्लोव्हिरचा रेणू पेशीत शिरतो तेव्हा त्याच्याकडे एकही शिक्का नसतो. तो निरुपद्रवी असतो. कामाला लागण्यासाठी त्याला फॉस्फेटचे तीन गट जोडावे लागतात. पहिला गट जोडण्याचे काम विषाणूचे स्वतःचे विकर, थायमिडीन कायनेज, करते. आपल्या निरोगी पेशीतील विकरे हा पहिला शिक्का जवळजवळ मारतच नाहीत. दुसरा आणि तिसरा शिक्का मात्र आपल्या पेशीची विकरे मारतात. परिणामी औषध जागे होते ते मुख्यतः संसर्ग झालेल्या पेशीतच. प्रयोगशाळेत हर्पीस सिम्प्लेक्सने ग्रासलेल्या पेशींत निरोगी पेशींच्या तुलनेत ४० ते १०० पट जागृत औषध आढळले होते.

दुसरे उदाहरण रुळांचे. भिलाईत भारतीय रेल्वेचे रूळ तयार होतात. दोन रूळ फिशप्लेटने जोडायचे तर दोघांच्याही टोकांना बोल्टची भोके लागतात. आता असा एक तुकडा घ्या, ज्याच्या एकाच टोकाला भोके आहेत. तो मागच्या रुळाला नीट जोडला जाईल, पण पुढचा रूळ त्याला जोडता येणार नाही. मार्ग तिथेच संपेल. डीएनएची साखळीही अशीच एकेक तुकडा जोडत वाढते. असायक्लोव्हिर हुबेहूब ग्वानिनच्या तुकड्यासारखे दिसते, पण त्यातील शर्करेचे कडे अपुरे आहे. पुढचा तुकडा ज्या जागी जोडायचा ती जागाच नाही. विषाणूचे विकर फसून तो तुकडा जोडते आणि साखळी तिथे तुटते. वर ते विकरही त्या टोकाशी अडकून बसते. 'असायक्लो' या नावाचा अर्थच 'कडे नसलेले' असा आहे.

यातून तीन गोष्टी उघड होतात.

एक, औषध फक्त वाढत्या विषाणूला अडवते. गाठीत निपचित पडलेला विषाणू प्रती काढतच नाही, मग त्याची साखळी तुटणार कशी? म्हणून या औषधाने आजाराचा हल्ला आवरतो, विषाणू मुळापासून जात नाही. 'एकदाच घ्या आणि कायमचे मोकळे व्हा' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

दोन, वेळ फार महत्त्वाची. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर नागिणीत त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो. कांजिण्यांत शक्यतो पहिल्या २४ तासांत. मांत्रिकाकडे जाण्यात दोन दिवस घालवणे म्हणजे हाच काळ गमावणे. डोळ्याजवळ, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचे, कारण दृष्टीला धोका असतो.

तीन, विषाणूने आपले थायमिडीन कायनेज गमावले तर पहिला शिक्काच मिळत नाही आणि औषध निकामी ठरते. धडधाकट माणसांत हे क्वचित घडते. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांत अधिक. तेव्हा फॉस्कारनेटसारखे औषध वापरतात, ज्याला शिक्क्याची गरज नसते.

हे शोधले कोणी?

असायक्लोव्हिर अमेरिकेतील बरोज वेलकम कंपनीत तयार झाले. हॉवर्ड शेफर यांनी तो रेणू घडवला आणि तो विषाणूला नेमका कसा अडवतो हे गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने १९७७ मध्ये दाखवले. एलियन १५ वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा कर्करोगाने गेले आणि तेव्हाच त्यांनी रसायनशास्त्र शिकायचे ठरवले. स्त्री म्हणून प्रयोगशाळांनी दारे बंद केली, तेव्हा त्यांनी काही काळ शाळेत शिकवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, त्यांना बरोज वेलकममध्ये जागा मिळाली. पीएच.डी. पूर्ण न करताही १९८८ मध्ये त्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी झाल्या.

या औषधाचे मोल हर्पीसच्या मेंदूज्वरात कळते. ताप, वागण्यात अचानक बदल, झटके अशी त्याची लक्षणे. उपचारांविना या आजाराचे सुमारे ७० टक्के रुग्ण दगावत. शिरेतून असायक्लोव्हिर देऊ लागल्यावर हे प्रमाण खूप खाली आले. म्हणून शंका आली तरी डॉक्टर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता ते सुरू करतात.

दुष्परिणाम: खरे किती, टाळता येणारे किती?

बहुतेकांना असायक्लोव्हिर सोसते. काहींना मळमळ, उलटी, जुलाब, डोकेदुखी होते. शिरेतून देताना शीर सुजू शकते.

गंभीर दुष्परिणाम प्रामुख्याने दोन ठिकाणी होतात: मूत्रपिंडात आणि मेंदूत. औषध शरीरातून बाहेर पडते ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे, बरेचसे मूळ रूपातच. ते पाण्यात फार विरघळत नाही. शरीरात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत त्याचे स्फटिक बनतात आणि नळ्या तुंबतात. शिरेतून देताना म्हणूनच ते सावकाश, तासभर, भरपूर द्रवासोबत देतात.

मूत्रपिंडे निरोगी असतील तर रक्तातील औषध सुमारे अडीच-तीन तासांत निम्मे होते. मूत्रपिंडे जवळपास बंद असतील तर त्याच निम्म्याला सुमारे २० तास लागतात. दिवसातून पाच वेळा गोळी घेणाऱ्या माणसात मग काय होईल, याचे गणित तुम्हीच करा: आधीची गोळी बाहेर पडायच्या आत पुढची येते आणि रक्तातील पातळी चढत जाते. ती मेंदूपर्यंत पोहोचली की हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो, भास होतात. हे बहुधा उपचाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसते आणि औषध थांबवल्यावर सहसा काही दिवसांत ओसरते. फार गंभीर झाल्यास डायलिसिसने औषध काढून टाकता येते.

माझ्या वडिलांच्या बाबतीत चार गोष्टी एकत्र आल्या: उतारवय, आधीच मंदावलेली मूत्रपिंडे, भिलाईच्या उन्हात कमी प्यायलेले पाणी आणि मूत्रपिंडांवर भार टाकणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. मी खरी माहिती दिली असती तर डॉक्टरांनी मात्रा आधीच कमी केली असती. औषध बदनाम करण्यासारखे त्यात काही नव्हते.

त्याच घराण्यातील इतर औषधेही थोडक्यात पाहू. असायक्लोव्हिर गोळीतून जेमतेम १५ ते २० टक्केच रक्तात जाते, म्हणून पाच वेळा घ्यावे लागते. व्हॅलासायक्लोव्हिर हे त्याचेच सुधारलेले रूप निम्म्याहून थोडे अधिक शोषले जाते, त्यामुळे नागिणीत दिवसातून तीन वेळा पुरते. फॅमसायक्लोव्हिरही तशाच कामाचे. या दोहोंनाही मूत्रपिंडांचा नियम लागू आहेच. सायटोमेगॅलो विषाणूसाठीचे गॅन्सिक्लोव्हिर अस्थिमज्जेला दाबते, पांढऱ्या पेशी घटवते. म्हणून रक्त वारंवार तपासावे लागते. फॉस्कारनेट मूत्रपिंडांना इजा करू शकते आणि रक्तातील कॅल्शियमसारख्या क्षारांचा तोल बिघडवते. औषध जितके जास्त जोरकस, तितकी देखरेख अधिक.

आपल्या वसतिगृहासाठी

कांजिण्यांचा रुग्ण पुरळ उठण्याआधी एक-दोन दिवसांपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत इतरांना लागण देऊ शकतो. लागण झाल्यावर आजार दिसायला १० ते २१ दिवस लागतात. म्हणून एका कॅडेटला कांजिण्या झाल्या की त्याच्या खोलीतील सगळ्यांवर तीन आठवडे नजर ठेवतात. ताप आणि पुरळ दिसताच एम. आय. रूममध्ये जा. परेड चुकेल म्हणून लपवू नका; तुमचे लपवणे सगळ्या हाऊसला भोवते. निरोगी लहान मुलांना कांजिण्यांत हे औषध बहुतेकदा लागत नाही. मोठ्या मुलांत आणि प्रौढांत आजार जोरात होतो, तेव्हा डॉक्टर ते देतात. कांजिण्यांत तापासाठी ॲस्पिरिन कधीही घेऊ नये; मुलांत त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

नागीण झालेल्या आजोबांकडून तुम्हाला नागीण होत नाही. पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला त्या फोडांतील पाण्यापासून कांजिण्या होऊ शकतात.

कुस्ती खेळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. १९८९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका कुस्ती शिबिरात १७५ पैकी ६० मल्लांना हर्पीस सिम्प्लेक्स १ ची लागण झाली, कातडीला कातडी घासून. ओठावर जर किंवा अंगावर फोड असताना मॅटवर उतरू नका. टॉवेल आणि पाण्याची बाटली कोणाशी वाटून घेऊ नका.

पालकांसाठी: कांजिण्यांच्या लसीच्या दोन मात्रा असतात, पाल्याला मिळाल्या आहेत का, ते तपासा. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी नागिणीची लसही आता भारतात मिळते. घरातील ज्येष्ठांबद्दल डॉक्टरांशी बोला.

औषध सुरू करण्यापूर्वी

१. किडनीचा आजार, मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण यांपैकी काही असल्यास न विचारता सांगा. जुने रिपोर्ट सोबत न्या.
२. चालू असलेली प्रत्येक गोळी सांगा, दुकानातून आणलेली वेदनाशामकही.
३. पाणी पुरेसे प्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून पिणाऱ्यांनी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच प्यावे.
४. ठरलेल्या वेळा पाळा आणि बरे वाटले तरी दिवस पूर्ण करा.
५. लघवी कमी होणे, बोलण्यात गोंधळ, हात थरथरणे, भास: यांपैकी काही दिसले तर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

उजळणी

अ. असायक्लोव्हिर निरोगी पेशीत निरुपद्रवी का राहते?
आ. या औषधाने विषाणू कायमचा का जात नाही?
इ. मूत्रपिंडे मंदावलेल्या रुग्णाला मात्रा कमी का करतात?
ई. नागिणीचा वेढा सहसा पूर्ण का होत नाही?

चारही उत्तरे घरी मोठ्या आवाजात सांगा. तुमच्या आजी-आजोबांनाही ऐकू जाऊ द्या.

वडिलांच्या बरगडीतील आग पुढे काही आठवडे रेंगाळली. नागिणीनंतर चेतातंतू असे दुखत राहतात, विशेषतः उतारवयात. आता ते बरे आहेत. त्यांच्या पलंगाशेजारी तांब्या भरलेला असतो आणि त्यांचा रक्ताचा ताजा रिपोर्ट माझ्या फायलीत सगळ्यांत वर आहे.